भिवरामायची भिंत

आईने भिंतीच्या भेगेवर कणकेची पट्टी चिकटवली, तेव्हा माझी बालमैत्रीण अनशी कानाशी येऊन म्हणाली, "रेणे, मावशीला म्हण तेल लावायचं राहिलं. पोळी करपंल."

मला हसू आलं नाही. आईला मात्र ऐकू गेलं.

"हस बाई, हस," ती म्हणाली. "दुपारपर्यंत ही पट्टी अखंड राहिली तर समजायचं भिंत थांबली. तुटली तर चाललीय."

"कुठं चाललीय?"

"खाली. दुसरं कुठं जाणार?"

भेग वळचणीपासून निघून तिरपी खाली आली होती आणि माझ्या खांद्याच्या उंचीला येऊन तिला दोन फाटे फुटले होते. त्या फाट्यावरच आईने पट्टी लावली, अंगठ्याने कडा दाबल्या, आणि दुखऱ्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा भिंतीवरून हात फिरवला. दिवाळीत कधी नव्हे तो पाऊस लागला होता. भाऊबीजेच्या दिवशी उघडला, तेव्हा भिवरामायच्या मठाची पश्चिमेकडची भिंत ही अशी फुगून बाहेर कलली होती.

ही भिंत कच्च्या विटांची, दोन माणसं उंच. आमच्या पूर्णाकाठची पांढरी माती, गव्हाचा भुसा आणि शेण, एवढ्यावर ती आमच्या पणजीच्या पणजीपासून उभी होती. गावात सिमेंटची घरं झाली, मारुतीच्या देवळाला फरशी बसली, पण मठाला कुणी सिमेंट लावू दिलं नाही. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी गावच्या लेकींनी ही भिंत लिंपायची. सासरी गेलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या, नातवंडं आलेल्या, सगळ्यांनी. सुनांनी नुसतं पाणी आणायचं, भिंतीला हात लावायचा नाही. आणि माती लांबून आणायची नाही. भिंतीच्या पायथ्याशी एक खळगी होती, तिच्यातली काढायची. 'माझ्या पायाची माती माझ्या अंगाला लावा,' असं भिवरामाय समाधीत बसायच्या आधी म्हणाली होती म्हणे. त्या खळगीत आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो. ती तेव्हा कमरेएवढी होती.

या सगळ्याची मुखत्यार माझी आई. वडील गेले आणि काकांनी आम्हाला घराबाहेर काढलं, तेव्हा आई मला घेऊन इथे माहेरी आली आणि पंचांनी तिला मठाच्या अंगणातली, भिंतीच्या समोरच्या बाजूची खोली दिली. झाडलोट करायची, दिवा लावायचा, भिंत राखायची. त्या एका खोलीत मी वाढले. त्याच खोलीतून माझं लग्न झालं.

सकाळी सरपंच माणिकराव येऊन गेले होते. माणूस वाईट नव्हता. भिंतीकडे बघून त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"गयाक्का, पलीकडून शाळेचा रस्ता जातो. उद्या एखाद्या लेकराच्या अंगावर आली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आज लिंपतो ना आम्ही."

"लिंपा की. सांजेपर्यंत बघतो. थांबली तर ठीक, नाही तर उद्या मशीन लावून मीच पाडतो. मठ जाईल, त्याला इलाज नाही. पण तुमची खोली अंगणाच्या पल्याड हाय. तिला धक्का लागू देणार नाही. ती तुमची. शब्द देतो."

"खोली घेऊन काय करू?" आई म्हणाली. "मठच नसला तर मी राखायचं काय?"

आणि मी आले होते ती त्या खोलीसाठीच.

आदल्या संध्याकाळी एसटीतून उतरले तेव्हा अनशीने माझ्या सामानाकडे बघून विचारलं होतं, "दोन रोजासाठी तीन पिशव्या? सासरचं घर उचलून आणलंस का काय?"

"लंगोटच किती लागतात हिला," कडेवरच्या लेकीकडे बघत मी म्हणाले होते.

लंगोटांच्या खाली माझं दहावीचं प्रमाणपत्र होतं, मुलीचं लसीचं कार्ड होतं, तिचं येत्या थंडीचं टोपरं होतं, आणि त्याच्या पुढच्या थंडीचंसुद्धा. मला परत जायचं नव्हतं. हे आईला कसं सांगायचं, याचे शब्द मी सगळ्या वाटेत जुळवत आले होते. आल्यावर बघते तर आई भिंतीला पाठ लावून उभी. म्हटलं, लिंपण होऊ दे, भिंत सावरू दे, मग सांगेन.

गारा तुडवायला सकाळीच सुरुवात झाली. पंधरा-वीस बायका असतील. साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, पायाखाली माती आणि भुशाची पचपच. एकमेकींच्या सासवांची नावं घेऊन पाय आपटत होत्या.

"ही घे माझी थोरली सासू!"

"अगं हळू, मेलेली हाय ती."

"म्हणून तर! जित्तेपणी कुठं आपटता आलं?"

सगळ्यांत म्हाताऱ्या वच्छीमावशीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. अनशीचं सासर गावातच होतं; मी मुलीला तिच्या सासूकडे दिलं आणि हाताने गिलावा चढवायला लागले. मुठीएवढा गोळा घ्यायचा, भिंतीवर जोरात मारायचा, तळव्याने वर सारायचा. हाताला कधी विसर पडत नाही त्याचा. पण त्या दिवशी भिंत हाताला वेगळी लागत होती. आतून गार. आणि गोळा मारला की ठप् असा भरीव आवाज यायचा तिथे फस् असा काही तरी यायचा.

"आई, पोकळ वाजतंय गं."

"वाजू दे. जाड थर दे. माती कमी पडली तर अजून काढा गं खळगीतून!"

दुपार व्हायच्या आधीच कणकेची पट्टी तुटली. ती ताडकन् वगैरे तुटली नाही. आम्ही भाकरी खायला बसलो होतो, आणि अनशी पाणी प्यायला उठली तर तिला दिसली. मधोमध चिरलेली, एक करंगळी जाईल एवढं अंतर.

कुणी हसलं नाही. आईने हातातली भाकरी तशीच ठेवली.

"उठा," ती म्हणाली. "दुसरा थर. बुडाशी द्या, बुडाशी! तिथं जोर लागतोय तिला. काढा माती."

दोघी-तिघी कुदळी घेऊन खळगीत उतरल्या. आई वेड्यासारखी गोळ्यावर गोळा मारत होती. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते आणि ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. भिवरामायशी बोलत होती ती. "एवढं वर्ष काढ माय. एवढं एक वर्ष." जितका गारा चढत होता तितकी भिंत जड होत होती, आणि वरच्या भेगेतून भुरभुर माती गळायला लागली होती.

मुलगी रडायला लागली म्हणून मी तिला घेऊन खळगीच्या कडेला, सावलीत उतरून बसले. आता ती खळगी कमरेएवढी राहिली नव्हती. मी बसल्यावर भिंतीचं बूड माझ्या डोळ्यांच्या वर आलं. मुलगी प्यायला लागली. माझं लक्ष तिच्या मुठीकडे होतं, तिने माझ्या बोटाला घट्ट धरलं होतं. मग सहज नजर वर गेली.

भिंतीच्या खाली काळोख होता.

पाया असायला हवा तिथे आत गेलेली, ओली, मुंगसाच्या बिळासारखी पोकळी होती. विटांचा खालचा थर अधांतरी लोंबत होता. त्या पोकळीच्या छतावर कुदळीचे वार होते. जुने, गुळगुळीत झालेले, आणि त्यांच्या मधे आत्ताचे ताजे.

"खोदू नका!" मी ओरडले. मुलीने दचकून पिणं सोडलं. "कुदळ थांबवा! खोदू नका!"

"काय झालं? साप हाय का?" अनशीने कुदळ वरच्या वर धरली.

"आई, इकडं ये. भिंतीच्या खाली काही नाही."

"काय नाही म्हणजे?"

"पाया नाही. आपण खाऊन टाकलाय."

"काहून अभद्र बोलतेस?" आई वरूनच म्हणाली. "इथूनच काढतो आपण माती. माझ्या आधीच्यांनी इथूनच काढली. मायची माती मायलाच..."

"आई, बघ तरी!"

मी मुलीला अनशीकडे दिलं, ब्लाऊजची लांब बाही खांद्यापर्यंत सारली, आणि पालथी पडून हात त्या पोकळीत घातला. कोपर गेला, दंड गेला, खांदा भिंतीला टेकला तरी बोटांना पलीकडे काही लागलं नाही. नुसता गारवा. हात बाहेर काढला तेव्हा आई माझ्या शेजारी खळगीत उतरून गुडघ्यांवर बसली होती. ती पोकळीकडे बघत नव्हती. माझ्या दंडाकडे बघत होती.

दंडावरचे वळ मी विसरले होते. काही जुने, पिवळे पडलेले. काही निळे.

माझा पदर ओढून आईने तो दंड झाकला, नीट, दोनदा. मग स्वतः पालथी पडली आणि तिचा हात आत घातला. तिचा गाल भिंतीला टेकला होता. डोळे मिटलेले होते. किती तरी वेळ ती तशीच पडून होती. मला वाटलं तिला घेरी आली.

"मावशी?" अनशी म्हणाली.

"दरसाल," आई म्हणाली. तिचा आवाज मातीतून आल्यासारखा येत होता. "दरसाल मीच पहिली कुदळ मारायचे. नारळ फोडून."

"आपल्याला काय ठाऊक मावशी? समद्याच मारत होत्या."

आई उठली. तोंडावर भिंतीची ओल उमटली होती. "दगड," ती म्हणाली. "ओल्या मातीवर ती टिकायची नाही. खळगी दगडांनी भरा."

मग जी पळापळ झाली! अनशीचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन ओढ्यावर गेला आणि काळ्या रानात चाकं रुतवून बसला. बायका डोक्यावरून दगड आणायला लागल्या. घमेल्यातून, पदरातून. गोल, गुळगुळीत, ओढ्यातले दगड. खळगीत टाकले की एकमेकांवरून घसरायचे, पोकळीत बसायचेच नाहीत. आई एकेक दगड आत सारत होती आणि तो घरंगळून परत तिच्या पायाशी येत होता. वरून आता भुरभुर नाही, ढेकळं पडत होती. माझी हाक आई ऐकत नव्हती. तिच्या नखांतून रक्त येत होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा माणिकराव आले. त्यांनी एकदा वर बघितलं आणि ओरडले, "समद्या बाहेर या! आत्ताच्या आत्ता! गयाक्का, तुम्हीसुद्धा!"

आई बाहेर आली. पण थांबली नाही.

"कोरड्या विटा पाहिजेत," ती म्हणाली. "ह्याच मापाच्या, चौरस. त्या आत बसतील."

"कच्च्या विटा आता कुणाकडं आहेत? आणि असल्या तरी पावसानं भिजल्यात."

"माझ्या खोलीच्या नाही भिजल्या."

मी अनशीकडून मुलीला घेऊन छातीशी धरलं.

"खोली मोडून राहाल कुठं?" माणिकरावांनी विचारलं.

"मठात. समाधीपाशी पडून राहीन. चार घरी भाकरी मागीन." आईने कोपऱ्यातली पहार उचलली. "मठात चूल पेटत नाही, पण मला एकटीला चूल कशाला पाहिजे?"

"गया," वच्छीमावशी म्हणाल्या, "खोली तुझी असली तरी वीट मठाची हाय. मठाची वीट काढायची तर कौल घ्यावा लागतो."

"घेते की."

ती पहार घेऊन मठाच्या दाराकडे निघाली. मी तिच्यामागून धावले आणि दाराच्या आत, अंधारात, तिला गाठलं. तिच्या दंडाला धरलं. सगळ्या वाटेत जुळवलेले शब्द कुठे गेले होते कोण जाणे.

"आई, खोली मोडू नको."

तिने माझ्याकडे बघितलं. मुलीकडे बघितलं.

"वळ कुणी उठवले ते मी विचारत नाही," ती हळूच म्हणाली. "किती रोजासाठी आलीस तेवढं सांग."

मी नुसती मान हलवली.

"परत नाही जायचं?"

"नाही. तो आता हिलापण..." मी मुलीचं डोकं झाकलं. "आई, मला दुसरीकडं कुठं जागा नाही. मठात लेकरू कसं ठेवू? हिला दूध ऊन करायला तरी चूल लागंल."

बाहेर भिंतीतून एक लांब, दबका आवाज आला, बैलगाडीचा कणा कुरकुरावा तसा. बायका किंचाळल्या. माणिकराव म्हणत होते, "गयाक्का, काय ते लवकर करा!"

आईने पहार भिंतीला टेकवून ठेवली.

"तू बाहेर जा," ती म्हणाली. "लेकराला घेऊन लांब उभी राहा. कडुनिंबापाशी."

"आई..."

"जा म्हटलं ना."

कौल घ्यायचा म्हणजे समाधीच्या दगडाला पाणी लावायचं, त्यावर ज्वारीचे दोन दाणे चिकटवायचे, आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. मी लहान असताना एका लग्नाच्या कौलाला सकाळपासून दिवेलागण झाली होती. त्या दिवशी मी कडुनिंबापाशी पोहोचून मागे वळले तोच आई दारातून बाहेर आली. रिकाम्या हाताने.

"इतक्यात?" वच्छीमावशी म्हणाल्या.

"इतक्यात."

"काय म्हणते माय?"

आईने पदर डोक्यावरून घेतला. सगळ्यांकडे एकदा बघितलं, माझ्याकडे सोडून.

"डावा पडला," ती म्हणाली. "खोलीला हात लावू नका म्हणते. मला जाऊ द्या म्हणते."

वच्छीमावशी मटकन् खाली बसल्या. अनशीच्या हातातलं घमेलं पडलं. माणिकरावांनी टोपी काढली आणि ते म्हणाले, "मग आता कुणी जवळ जाऊ नका. तिचं तिला जाऊ द्या."

आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. कुणाच्या हातात काही काम नव्हतं. अंगावर गारा सुकत होता, कातडी ओढली जात होती. भिंतीवर सकाळपासून चढवलेला गिलावा अजून ओला होता, उन्हात चमकत होता, आणि त्यावर आमच्या सगळ्यांच्या तळव्यांचे ठसे होते. माझे, अनशीचे, वच्छीमावशींचे. आईचे सगळ्यांत वर, कारण ती शिडीवर चढली होती.

आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडून मुलीला घेतलं आणि तिचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी झाकले. मुलीच्या गालावर पांढरे डाग उमटले.

भिंत कोसळली असं नाही म्हणता येणार. ती बसली. आधी बुडाशी किंचित वाकली, मग दमलेली बाई बसावी तशी, सावकाश, जागच्या जागी, खळगीत बसली. धूळसुद्धा फारशी उडाली नाही, इतकी ती आतून ओली होती. मागे मठाचं छप्पर एका बाजूने लोंबत राहिलं आणि समाधीच्या दगडावर पहिल्यांदाच सरळ ऊन पडलं.

बायकांनी गळा काढला. गावातली कुणी गेल्यावर काढतात तसा, एकमेकींच्या गळ्यात पडून. आई रडली नाही. कान झाकलेली मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. मान तिने आजीच्या हातात पूर्ण सोडून दिली होती, आणि आई तिच्याकडेच बघत होती. जिथे भिंत होती तिकडे तिने मान वळवली नाही.

आता ती मुलगी शाळेत जाते, पलीकडच्याच रस्त्याने. मठाच्या जागी पत्र्याचा मंडप आहे. भाऊबीजेला लेकी येतात, समाधीपाशी बसतात आणि दरसाल कुणीतरी तो दिवस सांगायला घेतं. मायलाच जायचं होतं म्हणतात. गयाबाईची खोली राखून गेली म्हणतात. शेवटपर्यंत लेकीसुनांची काळजी, म्हणतात. आई ऐकते आणि चहा टाकायला उठते. मीही काही बोलत नाही.

पण त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघी खोलीत होतो. आईने चूल पेटवली होती. मी तिन्ही पिशव्या रिकाम्या केल्या आणि मुलीचे कपडे तिच्या लुगड्यांशेजारी लावून ठेवले. आई भाकरी थापत होती. तिच्या नखांना चिंध्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे भाकरी गोल होत नव्हती. तिसऱ्यांदा मोडली तेव्हा मी तिच्यापाशी जाऊन बसले.

"आई, डावा पडला तो... खरंच पडला होता का?"

तिने मोडलेली भाकरी परत गोळा केली. पाण्याचा हात लावला. परत थापायला घेतली.

"विचारायला वेळ कुठं होता गं?" ती म्हणाली. "लेकराचं दूध उतू जाईल, तिकडं बघ."